पुठ्ठ्याच्या मापाचा कॉम्प्युटर

…आणि गेणूनं तो पुठ्ठा दुकानाच्या काचेवर ठेवला. काल इथवर आलो होतो आणि घरातून जेवायला हाक आली, त्यामुळे बिचारा गेणू कालपासून पुण्यात तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या बाजारातच उभा आहे. आधी त्याला तिथून सोडवू, मग बाकीचं.

पुठ्ठा बिस्किटाच्या खोक्याचा. लांबी साडेबत्तीस सेंटिमीटर, रुंदी तेरा, आणि जाडी यावी म्हणून दहा थर खळ लावून एकावर एक चिकटवलेले. स्क्रूची भोकं दाभणानं पाडलेली. वर सुताराच्या पेन्सिलीनं पार्टाचं नाव घातलेलं.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "हे काय आजोबा?"

"ह्ये तुमचं ग्राफिक कार्ड."

"अहो, खरं कार्ड आहे ना आपल्याकडं."

"खऱ्याचं नंतर बगू. आदी ह्ये बसतंय का ते बगायचं. त्यो डबा उघडा."

डबा म्हणजे कॅबिनेट. कॉम्प्युटरचे सगळे अवयव ज्याच्या पोटात बसवायचे तो पत्र्याचा खोका. मुलगा हसला, शेजारच्या दुकानातला एक जण बघायला आला, तोही हसला. "कंपनीनं मापं दिलेली असतात आजोबा, बसतं ते." गेणू म्हणाला, "बसत आसंल. म्हनून तर बसवून बगू म्हंतो."

मुलानं कॅबिनेटचं झाकण काढलं. गेणूनं पुठ्ठा आत सरकवला. मागची भोकं भोकांना बरोबर जुळली. पण पुढचं टोक पंख्याला अडलं. आत जाईना. एक बोटभर लांबी जास्त होत होती.

मुलानं पुठ्ठा स्वतःच्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ करून पाहिला. बोट काही कमी होईना. शेवटी म्हणाला, "पुढचा पंखा काढला की बसेल."

"पंखा काढून गाडी घाट चढत न्हाई," गेणू म्हणाला.

मग फोनवर माझ्या नातीला, चैतालीला, विचारून स्वतःचे दोनच पंखे असलेलं आखूड कार्ड ठरलं. शेजारचा माणूस मात्र जाता जाता तो पुठ्ठा मागायला लागला. गेणूनं दिला नाही. फर्मा, म्हणजे मापाचा साचा, तो कुणाला कायमचा देत नाही.

आता हा गेणू कोण, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामशेतवरून पवनेकडं रस्ता जातो, त्या रस्त्यावरचं आमचं गाव. गेणू आणि मी चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. पुढं मी सातवीपर्यंत रेटलं आणि कामशेतला भाताच्या वखारीत मापाडी झालो. गेणू लोणावळ्याला गॅरेजात गेला. त्या वेळी सगळ्या मालगाड्या जुन्या रस्त्यानं बोरघाट चढून यायच्या आणि वर आल्या की धापा टाकत गॅरेजापुढं उभ्या राहायच्या. रोज कुणाचं तरी काहीतरी तुटलेलं असायचं. पार्ट आणायला पुण्याला किंवा मुंबईला माणूस जायचा. त्याच्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि तो परत यायचा तेव्हा पार्ट हमखास दुसराच. चिठ्ठीत नंबर बरोबर, पण आधीच्या मालकानं गाडीत भलतंच काही बसवलेलं असायचं, ते चिठ्ठीला काय माहीत.

गेणूनं तेव्हापासून पद्धत पाडली. जिथं पार्ट बसायचा आहे त्या जागेचा पुठ्ठ्याचा फर्मा काढायचा आणि माणसाच्या हातात चिठ्ठीऐवजी फर्मा द्यायचा. सोलापूरचा एक ड्रायव्हर दोनदा पुण्याला जाऊन रिकाम्या हातानं परत आला होता. तिसऱ्यांदा गेणूचा फर्मा घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत गाडी चालू करून निघाला. जाताना गेणूला म्हणाला, तुझ्या पोराला गॅरेजात घालू नको, शिंपी कर, मापाला चुकणार नाही. गेणूचं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

लग्न पुढं झालं, बयाबाईशी. तिच्या घरात आजही भिंतीवर एका तारेला शंभरेक फर्मे ओवून टांगलेले आहेत. ती म्हणते, "लोकांच्या भितीवर देव आसत्यात, आमच्या भितीवर गॅस्किटं."

गॅरेजात बारा वर्षं काढल्यावर गेणूनं स्वतःची ट्रक केली. केली म्हणजे खरोखर केली. सांगाडा लिलावातला, इंजिन दुसऱ्या गाडीचं, गियर तिसऱ्या गाडीचा, आणि लाकडी केबिन वडगावच्या सुताराकडून. आम्ही तिला गोधडी म्हणायचो. त्या गोधडीत मी वखारीचा तांदूळ भरून गेणूशेजारी बसून किती वेळा मुंबईला गेलोय. चढाला तो बोलायचा नाही. मान थोडी तिरकी करून इंजिनाचं ऐकत राहायचा. मी काही विचारलं तर हात वर करायचा. खंडाळा आला की हात खाली यायचा आणि मग म्हणायचा, "व्हय, काय म्हनत हुतास?" मला तोवर आठवायचं नाही. एक्सप्रेस वे झाला, गोधडी भंगारात गेली, गेणूनं टेम्पो घेतला. तरी आठवड्यातून एकदा तो मुद्दाम जुन्या घाटानं यायचा. वेळ जास्त लागायचा, डिझेल जास्त जायचं. विचारलं तर म्हणायचा, रस्ता विसरंल मला.

तीन वर्षांपूर्वी तो लायसन नवं करायला गेला आणि डॉक्टरनं त्याचा उजवा डोळा तपासून मान हलवली. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला होता. लायसन झालं नाही. गेणूनं आठ दिवसांत टेम्पो विकला आणि ओट्यावर येऊन बसला. बसला म्हणजे तीन वर्षं बसला. बयाबाई मला म्हणाली, "भाऊ, ह्ये दुपारी निजलं तरी डावा पाय क्लच दाबतोय. परवा मी पायथ्याला बसलेवते, मलाच दाबलं."

गेल्या दिवाळीत चैताली सुट्टीला आली. ती तळेगावला एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खात्यात आहे. तिनं सहज तिच्या लॅपटॉपवर एक खेळ दाखवला. ट्रक चालवायचा खेळ. चाक, गियर, आरसे, वायपर, सगळं खऱ्यासारखं. आणि कुणा हौशी पोरांनी त्या खेळात आपला बोरघाट काढून बसवलेला. गेणू पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "खोपोलीतनं निघ." चैतालीनं बटणं दाबत गाडी काढली. दुसऱ्या वळणाला चित्र थिजलं.

"काय झालं?"

"गेणूआबा, लॅपटॉपची ताकद नाही तेवढी. घाटाच्या नकाशाला मोठा कॉम्प्युटर लागतो. गेमिंगचा."

"कुटं मिळतो?"

"तयार मिळतो की, पुण्यात."

"तयार नगं. पार्ट सांग, मी जोडतो." आणि मग तो बयाबाईकडं बघून म्हणाला, "एकदा खोपोलीतनं निगायचं आन् लोनावळ्यापत्तूर यायचं. आपल्या हातानं, कुटं न थांबता. मग मेलो तरी चालतंय."

बयाबाई म्हणाली, "मरायलाच मशीन पायजे व्हय? ते फुकटात जमतंय."

पण दुसऱ्या दिवशी तिनंच टेम्पोच्या पैशातली तिच्या नावची बँकेतल्या ठेवीची पावती आणून त्याच्यापुढं ठेवली. तीन वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

त्या दिवाळीत आमच्या ओट्यावर जी शाळा भरली तशी मी सातवीपर्यंत पाहिली नव्हती. चैतालीला वाटलं, आबांना सोपं करून सांगावं. ती म्हणाली, "प्रोसेसर म्हणजे समजा इंजिन, मदरबोर्ड म्हणजे सांगाडा…" गेणूनं हात वर केला. "इंजिनबिंजिन म्हनू नगं, पोरी. इंजिनाला मी इंजिन म्हंतो. ह्येचं जे नाव आसंल ते सांग, मी पाट करीन." आणि केलं पाठ. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, पॉवर सप्लाय. दोन दिवसांत बयाबाईलाही येऊ लागलं.

प्रत्येक पार्टाला गेणूचे तीन प्रश्न ठरलेले. कुणाला धरतंय, किती खातंय, आन् तापल्यावर ऊन कुटं फेकतंय. चैताली सांगायची. हा प्रोसेसर याच पद्धतीच्या खोबणीत बसतो, दुसऱ्यात नाही. ही रॅम चौथ्या पिढीची, बोर्डही चौथ्या पिढीचाच हवा. गेणूनं तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही पिढ्यांच्या रॅमचं चित्र तिच्याकडून मापात काढून घेतलं, दोन पट्ट्या कापल्या आणि एकमेकींवर ठेवल्या. लांबी तीच, रुंदी तीच. फक्त मधली खाच थोडी इकडची तिकडं. तो खूश झाला. म्हणाला, "शाना मानूस बसलाय त्या कंपनीत. चुकीची घातली तर आत जायाचीच न्हाई."

पॉवर सप्लायच्या वेळी चैतालीनं सगळ्या पार्टांचं विजेचं खाणं जोडून आकडा काढला. गेणूनं त्यात भर घालायला लावली. "ह्यो झाला सपाटीचा हिशोब. चढाला गाडी दुप्पट खाती." चैतालीनं तपासलं आणि म्हणाली, आबा बरोबर बोलताहेत, ग्राफिक कार्ड मध्येच एकदम जास्त वीज ओढतं. मी ओट्यावर बसून सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की माझी नात शिकवते आणि गेणू तिला शिकवतो. ऐकणाऱ्यांना कंटाळा आला, मला नाही आला.

तर अशी यादी घेऊन आम्ही दोघं पुण्याला गेलो. चैतालीची सुट्टी संपली होती. कार्डाचं कसं झालं ते सांगितलंच. आता तिथंच जे दुसरं घडलं, ते मी काल मुद्दाम गाळलं होतं, कारण त्यात माझाही हात आहे.

मदरबोर्ड. मुलानं यादीप्रमाणे बोर्डाचा खोका पुढं ठेवला. नवाकोरा, चकचकीत. गेणूनं खोका हातात घेतला आणि विचारलं, "ह्योच बोर्ड, पर ह्येचा सगळ्यात जुना नग हाय का?"

मुलगा म्हणाला, "जुना कशाला? लोक नवा मागतात."

"आसंल तर बग."

आता गॅरेजातल्या माणसांची एक श्रद्धा असते. कंपनी कुठलाही माल पहिल्यांदा काढते तेव्हा तो दणकट काढते. नाव झालं की मग बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पातळ करते. त्यामुळं पहिल्या लॉटचा पंप, पहिल्या लॉटचा गियर सापडला तर जुना मेकॅनिक दुसरीकडं बघत नाही. गेणूनं आयुष्यभर असंच निवडलं आणि कधी फसला नाही. मुलानं शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीनं भरलेला एक खोका काढून दिला, तोच बोर्ड, आधीच्या लॉटचा. गेणूनं धूळ पुसली आणि माझ्याकडं बघितलं. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू.

जोडायला आम्ही रविवार धरला. बयाबाईनं धुतलेलं धोतर अंथरलं. गेणूनं आंघोळ करून, हात कोरडे करून, चष्म्यावर भिंग लावून एकेक पार्ट बसवला. प्रोसेसरच्या पोटाला मुंगीच्या पायासारख्या पिना. तो त्यानं खोबणीवर असा ठेवला की दाबावा लागला नाही, आपोआप उतरला. त्याच्यावर पंखा बसवायच्या आधी एक करडं मलम लावायचं असतं, उष्णता वाहून न्यायला. चैतालीनं लिहून दिलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

गेणू थांबला. "कुठला तांदूळ?"

मी म्हणालो, "इंद्रायणी धर."

"इंद्रायनी लांब आसतो. जास्त व्हईल. आंबेमोहराएवडं घालतो."

"हल्ली आंबेमोहर कोण लावतं? चैताली इंद्रायणीच खाऊन मोठी झाली, तिच्या डोक्यात तोच असणार."

"मापाड्या, तू आयुष्यभर पोत्यानं मोजलंस. दान्याचं मला सांगू नगं."

बयाबाईनं आतून दोन दाणे आणून ताटलीत ठेवले. मग गेणूनं दोन्हींच्या मधलं माप धरलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. पडदा काळा. आम्ही वाट पाहिली. काळाच. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक तांबडा दिवा लागून राहिला होता. गेणूनं सगळं खोललं, पुन्हा बसवलं. रॅमची जागा बदलली. पुन्हा खोललं. तिसऱ्यांदा तांबडा दिवा लागला तेव्हा त्यानं बटण बंद केलं, एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला आणि पार्ट आपापल्या खोक्यात घालायला लागला.

"हे काय करतोस?"

"दिऊन टाकू परत."

"अरे, चैतालीला विचारू तरी."

"इचारून काय व्हनार? डोळा गेला तवा म्हनलं, हात तरी हाय. आज हात बी गेला, अमृत्या." एवढं बोलून तो ओट्यावर जाऊन बसला. त्याच जागेवर. बयाबाईनं धोतराची घडी घातली आणि स्क्रूची वाटी झाकून फळीवर ठेवली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी चैताली आली. तिनं गेणूला सगळं पुन्हा जोडायला लावून तांबडा दिवा पाहिला, बोर्डाचा खोका उलटा करून चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हा इतका जुना नग कुणी दिला तुम्हाला?"

गेणू चष्मा पुसायला लागला. मग मी म्हणालो, "आम्हीच मागून घेतला."

तिनं कपाळाला हात लावला, पण हसत. मग समजावून सांगितलं. बोर्डाच्या आत एक यादी लिहिलेली असते, कोणकोणते प्रोसेसर आपले, त्याची. हा बोर्ड ज्या वर्षी निघाला त्या वर्षी आपला प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता. "बसलाय अगदी बरोबर, आबा. एक पिनसुद्धा वाकलेली नाही. पण बोर्ड त्याला ओळखत नाही. नव्या लॉटमध्ये कंपनीनं यादी बदलून दिली आहे."

गेणूनं त्या बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजी हात बरुबर हाय."

"हात बरोबर आहे," मी म्हणालो, "अक्कल चुकली."

"तुजी बी चुकली. मान तू पन डोलावलीस."

आठवडाभरानं तो माझ्याशी भांडला, म्हणून मला बरं वाटलं.

उपाय होता. नवी यादी पेनड्राइव्हवरून बोर्डात भरता येते. पण भरायला बोर्ड चालू व्हावा लागतो, आणि चालू व्हायला त्याच्या ओळखीचा, मागच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चैताली म्हणाली, पुण्याला नेऊन करून आणू, पण उद्या रविवार, दुकानं बंद, आणि मग मला पुढचे पंधरा दिवस सुट्टी नाही.

गेणू म्हणाला, "उसना मिळंल का कुनाचा? तासाभरापुरता?"

ही घाटाची रीत. घाटात गाडी बंद पडली आणि मागून येणाऱ्याकडं तो पार्ट जादा असला, तर तो देऊन टाकायचा. नाव नाही, गाव नाही. घेणाऱ्यानं आपलं लायसन त्याच्या हातात द्यायचं, आणि वर चहाच्या टपरीवर पार्ट देऊन लायसन सोडवायचं. गेणूनं एकदा एका तमिळ ड्रायव्हरला होजपाइप दिला होता. त्याचं लायसन चार महिने गेणूच्या खिशात राहिलं. शेवटी तो आला, नवा होजपाइप आणि एक फणस घेऊन. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. दोघांनी फणस फोडून खाल्ला आणि तो गेला.

चैतालीला आकाश आठवला. वडगावला तहसील कचेरीसमोर दाखल्यांचे अर्ज भरून देतो तो. त्याचे कॉम्प्युटर तिनंच बसवून दिले होते आणि त्यातला एक याच पद्धतीच्या खोबणीचा, मागच्या पिढीचा. रविवारी सकाळीच आम्ही तिघं लोकलनं वडगावला गेलो. आकाश दुकान झाडत होता. ऐकून त्यानं मान हलवली.

"चैतालीताई, उद्या सोमवार आहे. सकाळी नऊला उत्पन्नाच्या दाखल्याची रांग लागते. काही झालं तर लोक मला मारतील."

गेणूनं खिशातून लायसन काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. "चारच्या आत तुजा पार्ट तुज्या मशीनमदी बसवून देतो. तोवर ह्ये ठेव."

आकाशनं ते उलटंपालटं करून वाचलं. "आबा, याची मुदत कधीच संपलीय."

"मुदत संपली आसंल. फोटू माजाच हाय."

आकाश त्या फोटोकडं आणि गेणूकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. "काढा. पण मी बघत उभा राहणार." गेणूनं काढला. आकाशनं डोळे मिटून घेतले होते हे मी पाहिलं.

स्टीलच्या डब्यात फोमवर तो चौकोनी तुकडा ठेवून आम्ही घरी आलो. तो बोर्डात बसवला, बटण दाबलं आणि पडदा उजळला. पण खरी भीती पुढंच होती. यादी भरताना पडद्यावर एक पट्टी सरकत जाते. चैताली म्हणाली, ती पुरी होईपर्यंत लाइट जाता कामा नये. मध्येच गेली तर बोर्ड कायमचा मेला.

आमच्याकडं लाइटचा काय भरवसा. चैतालीनं शेजारून बॅटरीचा डबा आणून जोडला, तोही जुना, किती टिकेल ते त्यालाच ठाऊक. बयाबाई स्विचबोर्डापुढं पाठ लावून उभी राहिली, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. पट्टी अर्ध्यावर आली आणि वरचा पंखा मंद झाला. बॅटरीचा डबा टी टी करायला लागला. कुणीही हललं नाही. गेणूनं हात वर केला होता, घाटात करायचा तसा. पंखा पुन्हा फिरू लागला, डबा गप्प झाला, पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. चैतालीनं श्वास सोडला, तेव्हा गेणूचा हात खाली आला.

त्यानं आकाशचा प्रोसेसर काढून आपला बसवला. तांबडा दिवा लागला आणि विझला. पडद्यावर प्रोसेसरचं नाव आलं. चैतालीनं मोठ्यानं वाचलं. गेणूनं तिला पुन्हा वाचायला लावलं.

पावणेचारला आम्ही वडगावात होतो. आकाशचं मशीन गेणूनंच बसवून चालू करून दिलं, मलमसुद्धा नवं लावून. आकाशनं लायसन परत केलं आणि म्हणाला, "आबा, आधीपेक्षा थंड चालतंय हे."

संध्याकाळी सगळं मांडलं. चाक आणि पेडल जुन्या बाजारातून आणलेले, ते गेणूनं लोखंडी चौकटीवर घट्ट बसवले होते, आणि बसायला भंगारात गेलेल्या गोधडीची सीट. तीही फर्म्यांसारखीच त्यानं माळ्यावर जपून ठेवलेली होती. चपला बाहेर काढून तो सीटवर बसला. चाकाला हात लावून कपाळाला लावला. मी आणि बयाबाई बाजेवर, चैताली जमिनीवर.

खोपोलीतून निघाला. पहिल्या गियरमध्ये, मग दुसऱ्यात. मागून खेळातल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तो वाट सोडत नव्हता. चैताली म्हणाली, "आबा, जरा जोरात." बयाबाई म्हणाली, "बोलू नगं गं, चढ हाय." गेणूची मान तिरकी झाली होती. एवढ्याशा पडद्यात त्याला उजवीकडचा आरसा नीट दिसत नव्हता, तर तो मागच्या गाड्यांच्या आवाजावर अंदाज घेत होता. शिंग्रोबाचं, घाटातल्या ड्रायव्हरांच्या देवाचं, वळण आलं. तिथं देऊळच नव्हतं, नुसती झाडं. "काडलं न्हाई पोरांनी," एवढंच म्हणाला, आणि एक हात सोडून नमस्कार करून पुन्हा चाक धरलं. खंडाळा गेला, लोणावळा आला. कुठंही न थांबता.

मला वाटलं, झालं. पण त्यानं गाडी वळवली आणि घाट उतरायला लागला. उतारभर तो गियरमध्येच ठेवत, मध्येच ब्रेक दाबत, सोडत खाली गेला. खोपोलीला पोचल्यावर गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि तोंडावरचा घाम धोतराच्या टोकानं पुसला. तो डावा पाय क्लचवरून उचलून मांडी घालून बसला, हे बयाबाईनं मला कोपरानं ढोसून दाखवलं.

मी विचारलं, "गेणू, खरं सांग. आपल्या घाटाची सर आली का?"

तो म्हणाला, "आली. पर उताराला ब्रेकचा वास येत न्हाई रं, अमृत्या. वास आल्याबिगर ड्रायव्हरला कळायचं कसं, लायनर तापलं म्हनून? चैतालीला इचार, त्या वासाचा काय पार्ट येतो का, आन् येत आसंल तर ह्या बोर्डाला बसतो का."